भाऊजींच्या गोळ्या

"इतके दिवस नुसतं सांगतेस, आता मला एकदा दाखव तरी," भाऊजी म्हणाले.

जेवणाची सुट्टी होती. प्रयोगशाळेत त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. भाऊजी ऑफिसातून परस्पर आले होते, ओळखपत्र गळ्यात तसंच. धाकटीने मेव्हण्यांपुढे स्टूल सरकवलं, सूक्ष्मदर्शकाखाली एक काचेची ताटली ठेवली. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय दिसतंय?"

"खडी पसरल्यासारखं. मधे मोकळी वाट आहे."

"ती मी काल ओरखडा काढून पाडली. दोन्हीकडे आहेत त्या कॅन्सरच्या पेशी. त्या सरकत येऊन वाट बुजवून टाकतात." तिने ताटली बदलली. "आता ही बघा. ही पण कालचीच."

दुसऱ्या ताटलीत वाट उरलीच नव्हती.

"हिच्यात औषध नाही," धाकटी म्हणाली. "पहिल्या ताटलीत आहे. तुम्ही शुगरसाठी घेता तेच."

"म्हणजे तिथे थांबल्या."

"थांबल्या."

"तुझ्या ताईच्या लिव्हरमध्ये पोचल्या, त्या अशाच सरकत गेल्या असतील."

धाकटीने ताटली काढून घेतली. मग ती म्हणाली, "भाऊजी, ताटलीत आम्ही जेवढं औषध ओततो, तेवढं माणसाच्या रक्तात पोचतच नाही. पोचवायला गेलं तर माणूस आधी जाईल."

"मग जेवढं पोचतं तेवढं तरी पोचू दे."

"तसं नसतं हो ते."

"पाणी आहे का?"

आत पाणी न्यायला बंदी होती. दोघं बाहेर व्हरांड्यात आली. भाऊजी कूलरपाशी उभे राहिले, एक ग्लास गटागटा प्यायले, दुसरा भरला. तिसराही भरला तेव्हा धाकटीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं होतं.

"शुगर कधी तपासलीत?"

"वेळ कुठे मिळतो?"

"गोळ्या चालू आहेत ना?"

"चालू आहेत." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "फक्त मी घेत नाही."

अर्थ लक्षात यायला तिला एक क्षण लागला.

"ताईला देताय?"

"कुटून, सूपमध्ये घालून. तिला माहीत नाही."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं ना. म्हणाले, याचा उपयोग होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. मी म्हटलं, मग सिद्ध झालेलं काय शिल्लक आहे तुमच्याकडे, ते द्या. तर ते टेबलाकडे बघत बसले."

"ताईच्या किडन्या थकल्यात, भाऊजी. हे औषध अंगात साठत गेलं तर विष होतं. श्वास लागतो, शुद्ध जाते. तुम्ही तिला…"

भाऊजी भिंतीला टेकले. "बुडत्याला काडीचा आधार, हे मला पण कळतं गं. पण काडी तूच दाखवलीस."

धाकटी जिन्यात गेली आणि तिने ताईला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर ताईने उचलला.

"ताई, सूप पिऊ नकोस."

"कडू लागतं ते," ताई म्हणाली. तिचा आवाज खोल गेला होता. "पहिल्याच दिवशी कळलं मला. कचऱ्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसली."

"आणि तरी पितेस?"

"हे समोर बसतात. शेवटचा चमचा होईपर्यंत वाटीकडे बघतात. मग मी डोळे मिटले की मला झोप लागली असं समजून स्वतः पण जरा आडवे होतात." ती दम घ्यायला थांबली. "तेवढंच झोपतात गं ते."

"तुझ्या जिवाला धोका आहे त्याने."

"कशाने नाही ते सांग."

धाकटीला रडू फुटलं. पलीकडून ताईच तिची समजूत काढायला लागली, लहानपणी काढायची तशी. आजपासून सूप बेसिनमध्ये ओतते म्हणाली, अगदी शपथ घेतली. "पण ह्यांना बोलू नकोस काही. माझ्यासाठी त्यांना करता येण्यासारखं एवढंच उरलंय."

धाकटी तोंड धुऊन परत आली तेव्हा भाऊजी बाकावर बसले होते. तिने त्यांच्यापुढे हात पसरला.

"गोळ्यांचं पाकीट द्या."

त्यांनी खिशातून पाकीट काढून दिलं. तिने त्यातून एक गोळी काढली, त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ग्लास भरून आणला.

"ही माझ्यासमोर घ्यायची. तुम्ही कुठे चक्कर येऊन पडलात तर ताईला बघणार कोण? आणि तिला आता एकही द्यायची नाही. वचन द्या."

भाऊजींनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं.

"गिळलीत?"

त्यांनी होकारार्थी मान डोलावली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला, घड्याळाकडे बोट दाखवलं आणि न बोलता निघाले.

धाकटी खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली फाटकाबाहेर भर उन्हात भाऊजी थांबले. आजूबाजूला पाहून त्यांनी तोंडापाशी रुमाल नेला आणि त्यात काहीतरी काढलं. मग रुमालाच्या कोऱ्या टोकाने ते हलक्या हाताने पुसलं, उन्हात धरून फुंकर घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.