सखूबाईचा खांदा

माधवीचा अंगठा खांद्यामागच्या गाठीवर टेकला आणि टेबलावर पालथा पडलेला प्रज्ञेश कळवळला. खुर्चीत बसलेली त्याची आई, सखूबाई, लगबगीनं जवळ आली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवू लागली.

हिमायतनगरातल्या त्या लहानशा दवाखान्यात प्रज्ञेश आठवडाभर येत होता. बँकेत दिवस दिवस कॉम्प्युटरपुढे मान खाली घालून बसायचं, त्यानं स्नायू आखडले होते. फिजिओथेरपिस्ट माधवी तेलुगू, पण दख्खनी हिंदी फर्डी बोलायची. घरीही रोज दाबायला हवं, म्हणून आज तिनं आईला शिकायला बोलावलं होतं.

जोर किती लावायचा, हे सखूबाईला जमेना. तिचा हात लेकावर पडायचा तो फुंकर घातल्यासारखा. शेवटी माधवीनं तिलाच स्टुलावर बसवलं आणि दाखवण्यापुरता तिचा खांदा दाबला.

दाबला आणि ती थबकली. पुन्हा चाचपून पाहिलं. खांदा लाकडासारखा कडक होता. लेकाला एक गाठ होती, इथं पाच-सहा. सखूबाईच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती.

“अम्मा, दुखता नहीं?”

“दुखता ना,” सखूबाई म्हणाली. “सबका दुखताच ना.”

आई काय काम करायची, असं माधवीनं प्रज्ञेशला विचारलं. तो सांगू लागला. नारायणगुड्यातल्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं. दोनशे पोरांच्या भाताची भगोणी उचलायची. घरी येऊन कधी हाय म्हटलं नाही. आईचं अंगच मुळी काटक, असं तो समजून चालला होता. मित्रांना कौतुकानं सांगायचाही.

तो टेबलावरून उतरला. माझा उरलेला वेळ आईला द्या, म्हणाला. सखूबाई नको नको करत राहिली, तुझं राहून जाईल म्हणाली. त्यानं तिला धरून झोपवलं आणि उशाशी बसला.

गरम शेक झाला. मग माधवी हलक्या हातानं एकेक गाठ सोडवत गेली. मध्येच सखूबाईचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा पाय खाली सोडून ती कितीतरी वेळ बसून राहिली. हात वर नेला, खाली आणला. पुन्हा नेला. चेहऱ्यावर गोंधळ. जास्त दाबलं गेलं की काय, म्हणून प्रज्ञेश घाबरला. काय होतंय, असं त्यानं वाकून विचारलं.

“लेकरा,” ती हळूच म्हणाली, “नाही दुखलं म्हंजे असं वाटतं व्हय रे?”