तड्याचा सूर

निकाल लागला आणि त्यात प्रणालीचं नाव नव्हतं. यशवंतला काही कळेनाच. पोरगी कुठे अडखळली नव्हती, थांबली नव्हती. तिच्या आधीच्या मुलाने तर मध्येच थांबून कान खाजवला होता, आणि डिसेंबरच्या मोठ्या कार्यक्रमात वाजवायला निवडला गेला तो. मस्कतच्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून यशवंतनेही वाजवल्या.

स्पर्धेत सगळ्यांनी एकच रचना वाजवायची होती. एलादियो मोन्कादा नावाच्या मेक्सिकन संगीतकाराची, पियानोवरची. हा एलादियो कोण, कुठला, आहे की गेला, याच्याशी यशवंतला देणंघेणं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की चांगल्या चाललेल्या चालीत मधूनमधून एक सूर येतो, आणि तो फुटका आहे.

आता, फुटकं काय आणि धड काय, हे यशवंतला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती. वाळवंटातल्या तेलाच्या पाइपलाइनींचे जोड तपासण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. हल्ली त्यासाठी मशिनं आलीत, पण यशवंत आधी हातोडी मारून कान लावतो. खणखणीत वाजलं तर पास. आवाज बसका आला तर आत तडा आहे, खलास, कापा आणि नव्याने जोडा. त्याच्या कानापुढे अर्बाबही, म्हणजे तिथला अरब मालकही, वाद घालत नसे. तोच कान घेऊन तो संध्याकाळी मस्कतमधल्या दार्सैतच्या फ्लॅटमध्ये चहा पीत बसायचा. बाबासाहेबांच्या फोटोखाली प्रणालीचा की-बोर्ड होता. ती वाजवायची, तो सूर यायचा, आणि यशवंत कप खाली न ठेवताच म्हणायचा, पुन्हा.

प्रणालीने सांगून पाहिलं की बाबा, ते तसंच आहे, बुकमध्ये तसंच प्रिंट केलंय. मग प्रिंटिंग मिस्टेक असेल, यशवंत म्हणाला. अनुसयाने स्वयंपाकघरातून आवाज दिला की अहो, तुम्हाला त्यातलं काय कळतं, वाजवू द्या की तिला. पण यशवंत ऐकेल तर शपथ. गावच्या शाळेत त्याची एखादी वेलांटी चुकली की गुरुजी सगळ्या वर्गासमोर म्हणायचे, तुमच्या लोकांकडून आणखी काय होणार. घरी येऊन रडला तेव्हा वडिलांनी त्याला एक वाक्य दिलं होतं. ते त्याने सांभाळलं, त्याच्यावर इंजिनिअर झाला, आणि जसंच्या तसं लेकीला दिलं.

"आपल्याला चुकून चालत नाही, बाळा."

आपल्याला म्हणजे कोणाला, हे प्रणालीला समजलं नाही. तिने विचारलंही नाही. पियानो शिकवणाऱ्या मॅडमच्या क्लासमध्ये ती छापलेला सूर वाजवायची आणि घरी बाबांचा. स्पर्धेच्या दिवशी बाबा पहिल्याच रांगेत बसले होते.

हॉल रिकामा होऊ लागला तशी परीक्षकबाई त्यांच्याकडे आली. उतारवयाची, मेक्सिकोचीच, स्वतः एलादियोची शिष्या. ती प्रणालीशी फार हळू बोलली. म्हणाली, तुझा हात सुंदर आहे, पण तो एक सूर तू प्रत्येक ठिकाणी सरळ केलास. तो कशाचा आहे, माहीत आहे का?

मग तिने इंग्रजीत सांगितलं ते यशवंतने कान देऊन ऐकलं. एलादियोचे वडील एका दरिद्री गावात चर्चची घंटा वाजवायचे. घंटेला तडा गेला. नवी ओतायची गावाची ऐपत नव्हती, तेव्हा म्हातारा रोज तीच बडवत राहिला. शहरातल्या शाळेत पोरं एलादियोला त्या घंटेवरून चिडवायची, आणि तो आपलं गावच खोटं सांगायचा. वडील गेल्यावर त्याने ही रचना लिहिली. छापणारे म्हणाले, तेवढा सूर दुरुस्त करा. तो म्हणाला, तो सूर नाही, माझे वडील आहेत.

 म्हणजे यशवंतच्या कानाने बरोबरच ओळखलं होतं. तडाच होता तो.

बाईंनी विचारलं, मग तू तो का बदललास? प्रणालीने एकदा बापाकडे पाहिलं.

"माय मिस्टेक," ती म्हणाली.

यशवंतला सांगायचं होतं की हे खोटं आहे, हिची काही चूक नाही. पण त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. गाडी तोच चालवत होता. आपण लेकीला नक्की काय शिकवलं, या एकाच प्रश्नाभोवती त्याचं डोकं गरगरत राहिलं, आणि दार्सैतचं वळण चुकून तो पुढे निघून गेला. अनुसयाने त्याला मागे वळायला सांगितलं.

घरी आल्यावर त्याने बूटही काढले नाहीत. ते वाजव, म्हणाला, छापलंय तसं. प्रणाली बसली. चाल सुरू झाली, ती जागा आली, आणि सूर अगदी स्वच्छ वाजला. ती चपापली. तिने पुन्हा वाजवलं. बोट त्या पट्टीपर्यंत गेलं आणि ऐनवेळी शेजारच्या पट्टीवर सरकलं.

"तुम्ही इथे असलात ना बाबा, की माझा हात जातच नाही तिथे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

यशवंत वळला. तिला वाटलं, बाबा बाहेर जातील. त्याने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून आणली आणि तो तिच्या शेजारी बसला.

"कुठली पट्टी ते दाखव," तो म्हणाला. "तू वाजव. चूक मी करतो."