चित्राखालची ओळ

उम्म वसीम दार वाजवत नव्हती, बडवत होती. जुमानानं कोळशानं काळे झालेले हात पुसत कडी काढली, तशी ती मोबाइल नाचवतच आत शिरली.

"माझ्या पोराला जिवंतपणी मारलंस होय गं?"

"मावशी, काय बोलताय हे? बसा तरी आधी."

"बसायला नाही आले मी!"

मोबाइलवर लिस्बनच्या प्रदर्शनाचा फोटो होता. जुमानाचं परदेशातलं पहिलंच प्रदर्शन. तिला स्वतःला नाब्लसबाहेर पडायचा परवाना मिळाला नव्हता, चित्रं तेवढी गेली होती. भिंतीवर मधोमध जुमानानं कोळशानं काढलेली उम्म वसीम, गालाला हात लावून बसलेली. उम्म वसीमच्या तिकडं शिकणाऱ्या भाच्यानं फोटो धाडला होता, आणि त्या शहाण्यानं चित्राखालची ओळही तिला वाचून दाखवली होती. 'गेलेल्या मुलाची आई.'

"अगं, त्या दिवशी माझं मक्लूबा भांड्याला लागलं होतं! पाहुणे दारात आणि भात करपलेला. तोंड उतरेल नाहीतर काय होईल? आणि यांनी मला थेट रडायलाच बसवलं!"

एरवी जुमाना खो खो हसली असती. पण उम्म वसीमचे ओठ थरथरत होते.

"तुमच्या चित्रापुढं लोक उभे राहून रडतात म्हणे, मावशी," ती कसंबसं म्हणाली.

"रडू देत की! डोळे त्यांचे, पाणी त्यांचं. माझ्या वसीमच्या नावानं कशाला?" आणि मग तिचा आवाज एकदम बसला. तिनं जुमानाचं मनगट घट्ट धरलं. "खरं सांग, बये. तिकडं त्यांना काही कळलंय का? मला इथं कुणी सांगत नाही, असं काही?"

"नाही हो मावशी! शपथेवर सांगते."

वसीम तुरुंगात होता. उन्हाळ्यापासून भेट बंद, वकिलालाही आत सोडत नव्हते. उम्म म्हणजे आई; थोरल्या मुलाच्या नावानं आईला हाक मारायची इथली रीत, त्यामुळं गल्लीतल्या निम्म्या लोकांना तिचं खरं नाव ठाऊकच नव्हतं. "दिवसभर सगळी गल्ली मला त्याच्या नावानं बोलावते," ती म्हणाली. "जिवंत माणसाच्या नावानं."

जुमानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओळ तिनं परवाच पाहिली होती. खटकलीही होती. पण एवढं मोठं दालन, एवढी वाहवा, कशाला खोडा घालायचा म्हणून ती गप्प बसली होती.

तिनं तिथल्या तिथं दुआर्तेला फोन लावला. प्रदर्शन त्यानंच मांडलं होतं. ती भराभरा इंग्रजीत बोलत राहिली आणि उम्म वसीम तिच्या तोंडाकडं बघत राहिली. दुआर्ते बिचारा ओशाळला. चेहरा बघून कुणीतरी तशी समजूत करून घेतली, म्हणाला. संध्याकाळी लोक यायच्या आत नवी ओळ लावतो, म्हणाला. पण लिहू काय?

"काय लिहू विचारतोय, मावशी."

"लिही म्हणावं, ही उम्म वसीम. हिचा मुलगा जिवंत आहे."

जुमानानं तसंच सांगितलं. पलीकडं कागदावर पेन फिरल्याचं ऐकू आलं, मग थांबलं.

"आधीच एकदा चूक झालीय, म्हणून विचारतो," दुआर्ते जपून म्हणाला. "हे नक्की आहे ना?"

उम्म वसीमनं तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"नक्की," जुमाना फोनमध्ये म्हणाली.

"काय गं? काय म्हणाला तो?"

"अक्षर केवढं काढू, म्हणतोय."

"मोठं काढ म्हणावं," उम्म वसीम म्हणाली. "चांगलं मोठं. दारातूनच वाचता आलं पाहिजे."