बटणांची जागा

गालिह दारात चपला काढत होता, तेवढ्यात आतून बू तुमिनाचा आवाज आला, "पट्टा अजून शिवून घेतला नाहीस ना? ये, बस."

गालिह बसला. पुढ्यात गेथुकची, कसाव्याच्या गोड वड्यांची, ताटली आली, पण त्याने हात लावला नाही. बरोबर आणलेला जाड कागद तो मांडीवर धरून होता.

योग्याकार्ताबाहेरच्या एका आरोग्य केंद्रात बू, म्हणजे तिकडच्या बोलीत बाई, एकवीस वर्षं नोंदणीच्या काउंटरवर बसत होती. कोणी कार्ड पुढे केलं तरी ती तोंडानेच नाव विचारायची, मग गाव, मग आईबापांची नावं. गावाला त्याचं मोठं कौतुक होतं. बोटं तर कळफलकावर अशी पळायची, की माउसला तिने कधी हात लावला नाही.

तिथला जुना प्रोग्राम गालिहने नवा केला होता. वरिष्ठांचा हट्ट एकच, संगणकावरच्या बाकीच्या प्रोग्रामांशी तो मिळताजुळता दिसला पाहिजे. गालिहने रंग बदलले, अक्षरं बदलली आणि शेवटी, त्या संगणकाच्या रिवाजाप्रमाणे, दोन बटणांची अदलाबदल केली. आधी 'जतन करा' पहिलं यायचं, आता 'रद्द करा' पहिलं आलं. एवढ्याशा बदलासाठी कोणाला कशाला सांगायचं? बटणांवर लिहिलेलं असतंच की.

तीन दिवसांत एकसष्ट मुलांच्या लशींच्या नोंदी गायब झाल्या. आया येऊन बूला नाही नाही ते बोलल्या. बैठकीत प्रमुखांनी विचारलं तेव्हा घाईत चुकलं म्हणून बूने मान खाली घातली, आणि गालिह तिच्या शेजारी बसून गप्प राहिला. त्या गप्प बसण्याची त्याला लाज वाटत होती. आठवडाभर त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"उद्या प्रमुखांना सगळं सांगतो, बू. चूक माझी आहे. सवयीने कोणीही पहिलंच बटण दाबलं असतं."

"काही सांगायचं नाही. माफीनामा दिला की ताकीद देऊन सोडतील. तू तोंड उघडलंस तर चौकशी लागेल. मला सगळ्यांसमोर मशीनवर बसवतील, करून दाखवा म्हणतील. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, बाळा. तेवढं निभू दे."

माफीनामाही तिने त्यालाच लिहायला लावला, कारण तिचा चष्मा पुन्हा दुरुस्तीला गेला होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' एवढं लिहून गालिहचं पेन अडलं. सही जिथे करायची तिथे बोट ठेव, असं ती म्हणाली, आणि तिने सफाईने सही केली.

गालिहला राहवलं नाही. "निदान हे तरी बघा. जुनं आणि नवं, शेजारी शेजारी छापून आणलंय. बघितलंत की तुम्हीच म्हणाल, शिक्षा कोणाला व्हायला हवी ते."

बूने हात पुढे केला. कागद घेऊन तो तिने चेहऱ्यासमोर उभा धरला आणि बराच वेळ मान हलवत राहिली.

"छान झालंय रे," ती म्हणाली. "रंग किती शांत आहेत. आणि बटणं अगदी एका ओळीत. उगाच मनाला लावून घेतोस."

छापलेली बाजू गालिहकडे होती.