घाटापलीकडची हाक

वायरलेसच्या दुकानात काउंटरवर जीपसाठी दोन अँटेना ठेवल्या होत्या, एक हातभर आणि दुसरी पुरुषभर. रसिकाच्या कडेवरची लेक लांब अँटेना तोंडात घालायला झेपावत होती.

"छोटीच बरी. लांब असली की फांद्यांना अडकते," नवरा म्हणाला.

"पण ती घाटापलीकडून बोलेल का?"

घाटात मोबाईलला रेंज नव्हती. गेल्या महिन्यात लेक तापाने फणफणली, तेव्हा तो भाडं घेऊन पलीकडेच गेला होता. रसिकाने चाळीस वेळा फोन लावला होता. म्हणून आता एक वायरलेस सेट घरी आणि एक जीपमध्ये बसवायचा होता.

"लावून बघू की!" दुकानदार म्हणाला.

छोटी लावून नवरा घाट उतरला, तर दुकानातल्या सेटवर नुसती खरखर. मग लांब लावून तो पुन्हा गेला.

"अहो, ऐकताय का?" रसिकाने बटण दाबून विचारलं.

"बोला!" तीन अनोळखी जीपवाल्यांनी एकदम ओ दिली.

दुकानदाराला हसू आवरेना. "ताई, या चॅनलवर सगळेच 'अहो'. नाव घेऊन हाक मारा."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या तोंडून निघालंच नव्हतं. तिने दुकानदाराकडे पाठ फिरवली, लेकीला छातीशी धरलं आणि हळूच म्हणाली, "दिगंबर."

मग शेजारी उभा असल्यासारखा त्याचा आवाज आला, "नीट ऐकू नाही आलं. परत एकदा सांग."

"खोटं बोलतोय, वहिनी!" कुणी जीपवाला मध्येच ओरडला. "आम्हालासुद्धा लख्ख ऐकू आलं!"

"हीच लांब अँटेना द्या," रसिका दुकानदाराला म्हणाली, आणि तिने पुन्हा बटण दाबलं.