दोन थेंब सरस

आता वीतभरच सांधा उरला होता. सुनेने पातळ सुरी गरम पाण्यात बुडवली, फटीत सरकवली आणि श्वास रोखला. जुना सरस सुटला. गिटारची पाठ डब्याच्या झाकणासारखी तिच्या हातात आली.

"शंभर वर्षांत पहिल्यांदा उजेड बघतेय ती," सासरे म्हणाले. "कोरं वाद्य आहे. आजवर कुणी हात लावलेला नाही."

दुरुस्तीचं दुकान त्यांचं. तीन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तशी सगळी हत्यारं सुनेकडे आली. हात थांबले, तोंड नाही. पण वाद्य पारखण्यात त्यांची नजर चाळीस वर्षांची, तिथे कुणी वाद घालत नसे.

आज त्या गिटारची वरची फळी काढून टाकायची होती. फळीच्या खालच्या कडेला दोन बोटं रुंद भगदाड पडलं होतं. मालकीणबाईंची हयात गिटार शिकवण्यात गेलेली. गिटार कपाटावरून पडली तेव्हा त्या इतक्या घाबरल्या, की आवराआवर करताना लाकडाच्या कपच्या त्यांनी स्वतःच केरात भरल्या. दुकानात आल्या तेव्हा एकच मागणं होतं. दिसायला कशीही होऊ दे, आवाज तेवढा तोच ठेवा.

आवाज असतो त्या फळीत. तिला भलत्याच लाकडाचं ठिगळ लावलं की तो तिथे अडखळतो. लाकूड तितकंच जुनं हवं, आणि रेषाही तशाच. सुनेने फळीच्या रेषा पातळ कागदावर उतरवून घेतल्या होत्या. तीन बारीक, एक रुंद, मग एक तपकिरी. महिनाभर तो कागद पर्समध्ये घेऊन ती भंगारातली कपाटं, मोडके पियानो, खोकी पालथी घालत होती. पाहुणी म्हणून कुणाकडे गेली तरी आधी कपाटाची मागची बाजू बघायची. नवरा म्हणायचा, लोक आपल्याला घरात घेणं बंद करतील. एवढं करून हाती काही लागलं नाही. शेवटी नवी फळी बसवायचं ठरलं. म्हणजे गिटार दिसायला तीच राहणार आणि बोलणार दुसरीच. बाई फोनवर नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या. ते "बरं" सुनेला चार दिवस टोचत होतं.

तिने सुटलेली पाठ उताणी ठेवली. आतल्या आडव्या पट्ट्या गोल घासलेल्या, एकेक जीव लावून केलेली. त्यांच्या मधोमध मात्र एक ओबडधोबड पट्टी होती. कशालाच आधार न देणारी, आणि एका टोकाला आखूड कापलेली. भोकातून आरसा घालून दोघांनी ती आधीच पाहिली होती. त्या दिवशी कारागीर बायकोशी भांडून कामाला बसला असेल, असं सासऱ्यांचं मत पडलं होतं.

निदान हे ओझं तरी कमी करावं म्हणून सुनेने पट्टीला अंगठा लावला. पट्टी लगेच सुटली. बाकीच्या पट्ट्या सुरीनेही हलल्या नसत्या, हिला दोन टोकांना एकेक थेंब सरस होता फक्त. तिने ओल्या फडक्याने धूळ पुसली. खालून पिवळसर लाकूड निघालं. तीन बारीक रेषा, एक रुंद, मग एक तपकिरी.

कागद काढायची गरज नव्हती, तरी तिने काढला. मग पट्टी भगदाडावर धरली. रेषा अलीकडून पलीकडे सरळ चालत गेल्या.

कधीतरी ही फळी फुटणार, हे त्या कारागिराला ठाऊक होतं. तेव्हा आपण नसणार हेही ठाऊक होतं. म्हणून त्याच लाकडाचा एक तुकडा त्याने वाद्याच्याच पोटात ठेवून दिला होता, बरोबरीने जुना व्हायला. त्या न पाहिलेल्या माणसाला हात जोडावेत असं सुनेला वाटलं.

तिने बाईंना फोन लावला. तुकडा मिळाला, त्याच फळीचा, असं सांगितलं. मग बाईंनी तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं.

फोन ठेवून ती वळली, तर सासरे पट्टीचं आखूड टोक डोळ्यांशी धरून बसले होते.

"हे त्या कारागिरानं नाही कापलेलं," ते हळूच म्हणाले. "ही खूण जाड करवतीची आहे, दुसऱ्या कुणाच्या तरी."

मग कापलेला तुकडा गेला कुठे? दोघांनी भिंग घेतलं, दिवा घेतला. अर्धा तास फळी वरून इंचाइंचाने पाहिली. एक सांधा दिसेल तर शपथ. शेवटी सासऱ्यांनी डोळे मिटले आणि थरथरती बोटं फळीवर आतून फिरवली. दांड्याच्या डाव्या बाजूला बोटं थांबली. सुनेने दिवा तिरपा धरला. तेव्हा कुठे केसाएवढी रेघ दिसली, अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकोनाची.

"कोरं वाद्य म्हणे," सासरे स्वतःशीच हसले आणि त्यांनी कानाची पाळी धरली. आधी कधीतरी हे ठिगळ लावून गेलेल्या माणसाने कुठे नाव लिहिलं नव्हतं, तारीख नव्हती. अख्खी पट्टी हातात असताना त्याने नखाएवढं घेतलं होतं. पाठ पुन्हा अशी मिटली होती, की चाळीस वर्षांच्या नजरेलाही पत्ता लागू नये.

सुनेने मोजून दोन बोटं कापली. चार बोटं पट्टी उरली. ती उचलून तिने पुन्हा तिच्या जागी धरली. सासऱ्यांनी गरम सरसाची वाटी पुढे सरकवली.

"थेंबच लाव," ते म्हणाले. "काढणाऱ्याला त्रास नको."