डूगलचा मोजा

डूगलचा संघ सात गुणांनी मागे आणि एकच फेरी उरलेली. अशा वेळी कर्लिंगमध्ये, बर्फावरून दगड सरकवायच्या या खेळात, कुणी खेळत बसत नाही. हरणारा कप्तान हातमोजा काढतो, हात पुढे करतो आणि जिंकणारे हरणाऱ्यांना व्हिस्की पाजायला घेऊन जातात. जिंकत आलेल्या संघाची कप्तान आयोना, तिने तर हात मिळवायला आपला मोजा केव्हाच काढून खिशात कोंबला होता.

डूगलने काढला नाही. "शेवटची फेरी खेळायची," तो म्हणाला.

आयोनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वेळा स्कॉटलंड जिंकलेला, एकदा जगही जिंकून आलेला हा माणूस! दगड कसा धरायचा हे तिला त्यानेच शिकवलं होतं. हरलो हे कळल्यावर समोरच्याला ताटकळत ठेवू नये, हेही त्यानेच. गावचा करंडक गेला खड्ड्यात, तिला त्याचा हात हवा होता. लहानपणापासून या बर्फावर गुडघे फोडून घेतले ते त्याच्यासाठीच. आणि म्हातारा तोच देईना.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघ," तिची जोडीदारीण एफी पुटपुटली.

डूगलचा पहिला गडी वॉटी. प्रत्येक फेरीतले पहिले दोन दगड त्याचे. आज तो दगडाचा तळ पुसतच बसला होता. पहिला दगड अर्ध्यातच थांबला.

"वॉटी, सकाळी लापशी खाल्ली नाहीस का रे?" डूगल ओरडला.

दुसरा दगड निघाला. डूगल स्वतः झाडू घेऊन पुढे धावला. "घासा रे! घासा, मेल्यांनो!" दगड लांब जावा म्हणून त्याच्या पुढचा बर्फ घासत घासत त्यांनी तो पलीकडच्या टोकाला आखलेल्या वर्तुळाच्या मधोमध आणून बसवला. पलीकडे वॉटी बर्फावर बसूनच हसत होता.

आणि डूगलने मोजा काढून हात पुढे केला.

"आत्ता?" आयोनाचा आवाज चिरकला. "दगड मधोमध बसल्यावर? थट्टा चालवलीय का माझी, डूगलकाका? हरायचंच होतं तर मघाशीच का नाही संपवलंत?"

डूगल धापा टाकत होता. पलीकडे दोघं जण वॉटीला काखेत धरून उठवत होते.

"मघाशी संपवलं असतं तर त्याचे दोन दगड राहिले असते, पोरी," तो हळूच म्हणाला. "उद्या त्याचा पाय कापणार आहेत."